खाली उभी असलेली चाळीस युनिटं

वळवाचा पाऊस आमच्या सांगलीत आधी धूळ उडवतो, मग तारा तोडतो आणि मग कुठे पडतो. गेल्या मे महिन्यातल्या त्या रात्री सव्वाअकराला वीज गेली. आईंच्या खोलीतलं ऑक्सिजनचं यंत्र क्षणभर चिरकलं आणि इन्व्हर्टरवर चालू राहिलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७८, फुफ्फुसांचं जुनं दुखणं, मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन, तोही दिवसातले पंधरा-सोळा तास. सव्वाला इन्व्हर्टर टीं टीं करू लागला आणि दहा मिनिटांत गप्प झाला.

कोपऱ्यात सिलिंडर होता. अंधारात त्याची किल्ली शोधणं, रेग्युलेटर घट्ट आहे ना हे बघणं, बाटलीत बुडबुडे येतात का ते मोबाइलच्या उजेडात पाहणं, हे सगळं मी त्या रात्री केलं. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती लावायची सोय नाही, हे ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना माहीत असतं. आईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. बोलल्या काहीच नाहीत. वीज पहाटे साडेपाचला आली.

दूधवाल्याला दार उघडायला खाली गेले तेव्हा गाडी दिसली. ह्यांची नोकरी पलूसला, रोजचं साठेक किलोमीटर जाणं-येणं, म्हणून दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक घेतली. आदल्या संध्याकाळी उभी केली तेव्हा ७१ टक्के होती. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लिहिलंय १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर. गुणाकार केला की १.८ युनिट होतात. गाडीची बॅटरी ४० युनिटांची, तिचे ७१ टक्के म्हणजे २८. रात्रभर मी वर सिलिंडरचा काटा बघत बसले होते आणि पायऱ्यांखाली २८ युनिटं उभी होती. मी शाळेत विज्ञान शिकवते. हा गुणाकार मला आधी सुचायला हवा होता, याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं.

गाडीतून वीज बाहेर काढायची सोय आपल्याकडे आता नवी राहिलेली नाही. २०२३ च्या सुरुवातीला ह्युंदाईची आयोनिक ५ आली तिच्यात ती होती, त्याच वर्षी सप्टेंबरात टाटांच्या नव्या नेक्सॉन इलेक्ट्रिकमध्ये आली. तिला व्ही टू एल म्हणतात. चार्जिंगच्या तोंडात एक अ‍ॅडॅप्टर बसवायचा, त्याला आपलं साधं तीन पिनचं सॉकेट असतं, आणि गाडी २३० व्होल्ट देते. नेक्सॉनची मर्यादा ३.३ केव्हीएची, म्हणजे साधारण ३३०० वॅटची आहे, आमच्या गाडीचीही साधारण तेवढीच. म्हणजे गिझर, एसी आणि इस्त्री एकदम चालणार नाहीत, पण ऑक्सिजनचं यंत्र, फ्रिज, पंखे आणि दिवे सहज चालतील. सगळं घर गाडीवर चालवणं ही वेगळी गोष्ट. तिला दोन्ही दिशांनी चालणारा चार्जर लागतो. जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर लोकांना याची निकड जाणवली आणि २०१२ मध्ये निसानच्या लीफ गाडीसाठी तशी यंत्रणा विक्रीला आली. मला तेवढं नको होतं. मला एक खोली चालू ठेवायची होती.

ह्यांनी त्याच दिवशी लांब वायर आणून खिडकीतून वर घ्यायचं ठरवलं. मी म्हटलं, आधी मोजू या. कोणतं यंत्र किती खातं हे माहीत नसताना २८ युनिटं किती तास पुरतील हे कोण सांगणार?

मोजायचं काम माझ्या भाच्याने केलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि ईएसपी-३२ नावाच्या साडेचारशे रुपयांच्या बोर्डाशी त्याची दोस्ती आहे. त्याला त्याने पीझेम नावाचं छोटं मीटर जोडलं. त्याच्यासोबत एक कडं येतं. वायर त्या कड्यातून ओवली की करंट कळतो. व्होल्टेज मोजायला मात्र त्याचं एक टोक थेट लाईनला जोडावं लागतं. ते काम भाच्याला करू दिलं नाही, वायरमनकाकांना बोलावलं. आकडे जमा होतात जुन्या रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर, होम असिस्टंट नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. ते घरातच चालतं, इंटरनेट गेलं तरी थांबत नाही. आमच्यासारख्यांना ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण वीज गेली की पाठोपाठ इंटरनेटही जातं, आणि बाजारातल्या बऱ्याच स्वस्त उपकरणांचा जीव परदेशातल्या कुठल्या तरी सर्व्हरवर असतो.

एक गोष्ट इथेच सांगते. भाच्याने सुरुवातीला मोजणी करणारा स्मार्ट प्लग आणला होता, तोच ऑक्सिजनच्या यंत्राला लावू म्हणाला. बरं झालं, आम्ही तो आधी टेबलफॅनवर लावून पाहिला. वीज जाऊन परत आली आणि प्लग बंदच राहिला. आतल्या सेटिंगमध्ये ‘वीज आल्यावर बंद’ असं होतं. ते बदलता येतं, भाच्याने बदलूनही दाखवलं. तरीही ज्या यंत्रावर माणसाचा श्वास चालतो त्याच्या वाटेत बंद होऊ शकणारं काहीही बसवायचं नाही, असं मी ठरवलं. कडं वायरीला नुसतं वेढून बसतं, मध्ये येत नाही. तेच ठेवलं.

पंधरा दिवसांत घर मला नव्याने कळलं. ऑक्सिजनचं यंत्र ३४० वॅट घेतं. फ्रिज चालू असताना १४० च्या आसपास, पण थांबत थांबत चालतो, म्हणून सरासरी साठ. जुना पंखा ७५, नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३०. आणि सगळे झोपल्यावर, काहीही चालू नसताना, घर १८० वॅट पीत होतं. त्यातले चाळीस टीव्ही आणि सेटटॉप बॉक्सचे होते. इन्व्हर्टरच्या लाईनवर हा टीव्ही कुणी टाकला होता कोण जाणे.

त्याहून मोठी गोष्ट कळली ती बॅटरीची. त्या रात्री साधारण ४०० वॅटचा भार होता आणि इन्व्हर्टर दोन तास दहा मिनिटं चालला. म्हणजे पाऊण-एक युनिट. लेबलावर १.८ असताना हातात आलं निम्मं. चार वर्षांची बॅटरी, पाणी वेळेवर घातलेलं, तरी. तिचा दम ओसरला होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण रोज वीस-पंचवीस मिनिटं वीज जाते तेवढ्यात ती तग धरत होती. गाडीच्या अ‍ॅडॅप्टरवर पैसे घालायच्या आधी आम्ही ती बॅटरी बदलली आणि टीव्ही इन्व्हर्टरवरून काढला. कुणी मला विचारलं, सुरुवात कुठून करू, तर मी इथूनच सांगेन.

मग वायरिंग. यात सगळ्यांत जास्त वेळ गेला आणि सगळ्यांत जास्त शिकायला मिळालं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा विचार सोपा होता. इन्व्हर्टरचा भिंतीतला प्लग काढायचा आणि गाडीच्या वायरीला लावायचा. इन्व्हर्टरला वाटेल लाईन आली, तो घर चालवील आणि स्वतःची बॅटरीही भरून घेईल. अ‍ॅडॅप्टर आला त्या रविवारी वायरमनकाकांसमोर तसं करून पाहिलं. आई त्या वेळी सिलिंडरवर होत्या, यंत्र मुद्दाम बंद ठेवलं होतं. प्लग काढला आणि खोलीतला पंखा थांबला. गाडीच्या वायरीला लावला तरी पंखा थांबलेलाच. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा, आणि घरात काही नाही.

काका डीबी, म्हणजे घरातली मेन स्विचची पेटी, उघडून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “वहिनी, तुमचा न्यूट्रल एकच हाय की.”

आमच्याकडे, आणि माझ्या मते गावभागातल्या, म्हणजे आमच्या जुन्या सांगलीतल्या निम्म्या घरांत, इन्व्हर्टरमधून वर डीबीत फक्त फेजची, म्हणजे वीज घेऊन जाणारी वायर जाते. न्यूट्रल सगळ्या घराचा सामाईक. इन्व्हर्टर आपला न्यूट्रल उचलतो तो भिंतीतल्या त्याच प्लगमधून. प्लग काढला की परतीची वाट तुटते. वीज निघते, पण फिरून येऊ शकत नाही.

कुणी म्हणेल, मग न्यूट्रल जोडून टाका. नाही. तसं केलं की गाडीची वीज आणि रस्त्यावरच्या लाईनचा न्यूट्रल एकत्र येतात, आणि गाडी एक तर बंद पडते किंवा, ते त्याहून वाईट, चालू राहते. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून गाडीची वीज घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये घुसवायचा सल्लाही मला दोघा-तिघांनी दिला. तसं कधीही करू नका. मेन स्विच बंद करायचा राहिला तर ती वीज उलटी रस्त्यावर जाते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. घराच्या बाजूने २३० व्होल्ट दिले तर पलीकडच्या तारेवर ११ हजार उभे राहतात, आणि पावसात खांबावर चढलेल्या लाईनमनला ती तार मेलेली वाटत असते.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. काकांनी गाडीच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला. एका भोकात पेटला. दुसऱ्या भोकातही पेटला. काकांनी टेस्टर पुसून परत घातला. “ह्यात फेज कुठला आन् न्यूट्रल कुठला, कायच कळंना.” तीस वर्षं वायरिंग केलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला आणि काम तिथेच थांबवलं.

नंतर समजलं ते असं. रस्त्यावरून येणाऱ्या विजेचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीशी बांधलेला असतो. आमच्या गाडीतून येणारी वीज तशी बांधलेली नाही. म्हणून दोन्ही तारा जमिनीच्या तुलनेत अर्ध्या-अर्ध्या व्होल्टेजवर असतात आणि टेस्टर दोन्हीकडे पेटतो. ऐकायला हे निरुपद्रवी वाटतं, पण शॉक लागला तर घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळती होताच लाईन तोडणारा स्विच, पडतो तो याच बांधणीच्या भरवशावर. बांधणी नसेल तर तो नुसता भिंतीवर असतो. ती कुठे आणि कशी करायची, करायची की नाही, हे मी इथे लिहिणार नाही. गाडीगणिक ते वेगळं असतं. आम्ही परवानाधारक ठेकेदाराला गाडीची पुस्तिका दिली, त्यांनी ती वाचून, अर्थिंगचा खड्डा मोजून काम केलं. वायरमनकाका सोबत होते. प्रत्येक गोष्ट विचारून घेत होते, याचं मला फार कौतुक वाटलं.

आता व्यवस्था अशी आहे. इन्व्हर्टरवरच्या दिवे-पंखे-सॉकेटांना स्वतंत्र न्यूट्रल ओढला. त्यासाठी दोन खोल्यांतली पट्टी उकलावी लागली. इन्व्हर्टरच्या आधी दोन पोलचा चेंजओव्हर स्विच बसवला, ज्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात आणि एकदम जुळतात. वर लाईन, मध्ये बंद, खाली गाडी. दोन्ही एकत्र येणं त्याच्या रचनेतच शक्य नाही. स्विच फिरवताना मधल्या क्षणी इन्व्हर्टर आपल्या बॅटरीवर घर सांभाळतो, त्यामुळे आईंचं यंत्र आता चिरकतसुद्धा नाही. गाडीपासून वर यायला अडीच स्क्वेअर एमएमची तीन कोरची तांब्याची केबल आहे, १५ मीटर. ती पूर्ण उलगडूनच वापरायची. गुंडाळीत राहिली की तापते. पहिल्या दिवशी साध्या एक्स्टेन्शनची पिन हाताला चटका देण्याइतकी तापली होती. शेजाऱ्यांच्या छतावर सोलर आहे, त्यांनी विचारलं आम्हालाही असं करता येईल का. त्यांचं ऑन-ग्रिड आहे, लाईन गेली की ते नियमानेच बंद पडतं. त्यांना मी एवढंच सांगितलं की गाडीची वीज आणि सोलरचा इन्व्हर्टर एका वायरीवर आणू नका, बाकी ठेकेदाराला विचारा.

सेन्सरवर साडेतीन हजारांच्या आत खर्च झाला, वायरिंगवर साडेनऊ हजार. अ‍ॅडॅप्टरचा आकडा या दोन्हींपेक्षा मोठा होता.

चाचणी एका रविवारी दुपारी चार तास घेतली. सरासरी भार ५२० वॅट, म्हणजे चार तासांत दोन युनिटांच्या किंचित वर. गाडी मात्र सात टक्क्यांनी उतरली, म्हणजे २.८ युनिट. मधली पाऊण युनिट गाडीने स्वतः जागं राहण्यात घालवली. ताशी हिशोब केला तर साधारण १८० वॅट. हे कुठल्याच जाहिरातीत मला दिसलं नव्हतं, आणि लहान भार चालवणाऱ्याने हे नक्की धरावं. आमचं गणित मग असं बसलं: गाडी ८० टक्के असेल आणि २० वर थांबवायची असेल तर २४ युनिटं हातात, ताशी ०.७ जातात, म्हणजे ३४ तास. फ्रिज आणि बाकी सगळं बंद करून नुसतं यंत्र चालवलं तर ४६. सिलिंडर तरीही भरलेलाच ठेवतो. बी टाईपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर मावतो, मिनिटाला दोन लिटरने तो बारा तास जातो, आणि त्याला वायर लागत नाही.

इथपर्यंत वळवाचं झालं. सांगलीतल्या माणसाला खरी भीती असते ती ऑगस्टची. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागातल्या आमच्या घरात ते जिन्याच्या नवव्या पायरीला लागलं. वीज तर पाणी चढण्याआधीच बंद करावी लागते आणि मग कित्येक दिवस येत नाही. त्या पुरात खाली उभी असलेली गाडी म्हणजे आधार नव्हे, नुकसान. ती वेळेत हलली तरच उपयोगाची.

पाणी आमच्याकडे नदीच्या बाजूने चालत येत नाही, गटारीतून उलटं वर येतं, आणि बहुतेकदा रात्री. म्हणून दुसरा सेन्सर फाटकाशी गटारीच्या तोंडावर. आधी पाणी ओळखणारी, पन्नास रुपयांची तांब्याच्या रेघांची पट्टी लावली होती. सतत करंट वाहत राहिल्याने तीन आठवड्यांत रेघा हिरव्या होऊन झिजल्या. मग टाकीत वापरतात तसे दोन फ्लोट स्विच लावले, एक गटारीच्या काठाशी, दुसरा सहा इंच वर. त्यांचा बोर्ड स्वतःच्या सेलवर चालतो आणि तिथून वायर थेट आमच्या पलंगाशेजारच्या भोंग्याला येते. मोबाइल नाही, वायफाय नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मी बादलीभर पाणी ओतून भोंगा वाजवून बघते. जुलैत वाजला नव्हता. फ्लोटमध्ये गाळ बसला होता. आता जाळी लावली आहे.

पहिली खरी वेळ या पावसाळ्यात आली, पण पुराची नव्हे. रात्री दोनला लाईन गेली. होम असिस्टंटने इन्व्हर्टरवर भार गेल्याचं दाखवलं. आम्ही तास वाट पाहिली, तसं ठरलेलंच होतं. तीनला हे खाली जाऊन अ‍ॅडॅप्टर लावून आले, मी वर स्विच फिरवला. आकडा थोडा हलला आणि स्थिर झाला. आई जाग्या होत्या. “लाईट आली का गं?” म्हणाल्या. मी म्हटलं, “नाही आई, गाडीवर आहे.” त्यांनी कूस बदलली आणि झोपल्या. लाईन आली पावणेनऊला. गाडी ११ टक्के उतरली होती, आणि हे तिच्यातूनच पलूसला गेले.

पुरासाठी मात्र अजून काम बाकी आहे. पुलापाशी ३५ फूट झाले की आई, यंत्र आणि गाडी तिघांनाही विश्रामबागला दिरांकडे हलवायचं ठरलंय. तिथे २०१९ मध्येही पाणी आलं नव्हतं. पण त्यांच्या घरी चेंजओव्हर नाही, आणि परवा काकांनी डीबी उघडून पाहिला तर न्यूट्रल तिथेही एकच. पुढच्या रविवारी पट्टी उकलायची आहे. केबल आमचीच चालेल. दारातून आईंच्या खोलीपर्यंत मी मोजून आले, साडेतेरा मीटर भरतं.